हवालदाराला हवालदार म्हणा

विदर्भातल्या गावोगावच्या सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि मुख्याध्यापकांना खुले पत्र

माननीय महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमपत्रिका आता छापायला जातील. अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थितीत कोण, कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, यावर ग्रामपंचायतीत बराच वेळ खल होईल. उठता उठता कोणी तरी म्हणेल, ‘खाली एक ओळ टाका, गावातील सर्व माजी सैनिक.’ त्या एका ओळीबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आता निवृत्त आहे. झेंडावंदनाचं सूत्रसंचालन बहुतेक माझ्याकडेच असायचं, त्यामुळे या पत्रिका कशा तयार होतात ते मी जवळून पाहिलं आहे. माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. त्या शेवटच्या ओळीत कोंबलेल्या माणसाच्या मनात काय चालतं, तेही मी घरातच पाहिलं.

मागच्या वर्षीची पत्रिका काढून बघा. माजी सभापती, पंचायत समितीचे माजी सदस्य, खरेदी-विक्री संघाचे माजी संचालक, ॲडव्होकेट, डॉक्टर, प्राध्यापक, ह.भ.प. प्रत्येकाच्या नावाआधी त्याची ओळख आहे आणि ती असावीच. सोसायटीचं अध्यक्षपद एक मुदत भूषवलेला माणूस पुढं वीस वर्षं ‘माजी अध्यक्ष’ म्हणून छापला जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गावातले कोणी कर्नल असतील तर त्यांना आपण आठवणीनं ‘कर्नल साहेब’ म्हणतो, तेही योग्य. पण नाईक, हवालदार, नायब सुभेदार यांची वेळ आली की आपली लेखणी थकते. पंधरा, सतरा, चोवीस वर्षं फौजेत काढून आलेली ही माणसं एका ओळीत, नावाशिवाय, घाऊक बसवली जातात. बोलण्यातही तेच. गावाच्या तोंडी तो माणूस ‘मिलिटरीवाला’. जवळीक असली तर ‘फौजी’.

आपल्या गावाला मानपान कळत नाही असं नाही. पोळ्याला तोरणाखाली मानाची जोडी कोणाची, तिच्यामागं कोणाची, हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं, तरी लहान पोरालाही पाठ असतं. लग्नात टॉवेल-टोपी आधी कोणाला द्यायची यात चूक झाली तर सोयरीक रुसते. मान देण्यात इतकं काटेकोर असलेलं गाव हुद्द्याच्या बाबतीत मात्र सैल पडतं. कारण साधं आहे. हुद्दा म्हणजे काय आणि तो कसा मिळतो, हे आपल्याला कोणी समजावलेलंच नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावासारखी, घराघरातून पलटणीत जाणारी गावं आपल्याकडं कमी. आपल्याकडं गावात दोन-चार फौजी, तेही वेगवेगळ्या रेजिमेंटचे. त्यांच्या हुद्द्याची भाषा गावात रुजली नाही.

म्हणून थोडं सविस्तर सांगते. भरती झालेला पोरगा सिपाही असतो. तोफखान्यात त्याला गनर म्हणतात, इंजिनियर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, आणि नागपूरजवळच्या कामठीत ज्यांचं केंद्र आहे त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये गार्ड्समन. बाहीवर एक फीत चढली की लान्स नाईक, दोन फिती म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. या फिती नुसत्या वय वाढलं म्हणून मिळत नाहीत. केडर म्हणजे बढतीआधीचं प्रशिक्षण असतं, परीक्षा असतात, नकाशा वाचता यावा लागतो, हाताखालच्या माणसांना शिकवता यावं लागतं. पायदळात साधारण दहा जणांचं सेक्शन हवालदाराच्या ताब्यात असतं. रात्री गस्तीवर निघताना त्या दहा जणांना परत आणायची जबाबदारी त्याची. पुढं नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर. त्यांचा दर्जा राजपत्रित. एक सुभेदार तीसेक जवानांची प्लाटून सांभाळतो, आणि नवा आलेला तरुण लेफ्टनंटही त्याला ‘साहब’ म्हणूनच हाक मारतो.

माझ्या वडिलांची काळी लोखंडी ट्रंक होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. बढती झाली की हुद्द्याचा शब्द काळ्या रंगाखाली झाकायचा आणि नवा काढायचा. नीट पाहिलं तर ‘हवालदार’च्या खाली ‘नाईक’ आणि त्याच्याही खाली ‘लान्स नाईक’ पुसट दिसायचा. सुट्टीवर आले की बाबा ती ट्रंक ओसरीवर हुद्दा दिसेल अशी ठेवायचे. आईला वाटायचं, रस्त्यात येते, आत ढकलावी. ते म्हणायचे, राहू दे. तेव्हा मला त्याचा अर्थ लागत नव्हता.

आता कायद्याचं. ‘आपल्या लोकशाहीत पदव्या कशाला’ असं एका शिक्षकानं मला विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर संविधानातच आहे. अनुच्छेद १८ सांगतो की राज्य कोणताही किताब देणार नाही. त्याला अपवाद फक्त दोन, सैनिकी आणि विद्याविषयक मानविशेष. रावबहादूर, रावसाहेब हे किताब गेले ते याच विचारानं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पद्म पुरस्कार वैध ठरवले, पण ते नावाच्या पुढं-मागं किताबासारखे लावता येणार नाहीत असंही बजावलं. म्हणजे ‘पद्मश्री’ हा शब्द नावाला जोडायची मुभा नाही, पण ‘डॉक्टर’ आणि ‘सुभेदार’ यांना संविधानानं स्वतःहून जागा ठेवली आहे. डॉक्टरची जागा आपण कधी रिकामी ठेवत नाही. सुभेदाराची का ठेवतो?

लिहिण्याची पद्धतही ठरलेली आहे. ‘माजी हवालदार’ किंवा ‘निवृत्त सुभेदार अमुक’ असं लिहू नये. ‘सुभेदार अमुक अमुक (निवृत्त)’ असं लिहावं. सेना मुख्यालयाची भूमिका अशी की माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. म्हणून निवृत्त हा शब्द नावाच्या शेवटी. सरपंचपद सोडलं की ते दुसऱ्याकडं जातं, म्हणून ‘माजी सरपंच’ बरोबर. हवालदारानं कमावलेला हुद्दा दुसऱ्या कोणाच्या हवाली होत नाही. फील्ड मार्शल तर निवृत्तच होत नाहीत. १९७३ मध्ये सॅम माणेकशा फील्ड मार्शल झाले ते अखेरपर्यंत फील्ड मार्शल, त्यांच्या नावामागं ‘निवृत्त’ लिहिणं हीच चूक. काही सुभेदारांना आणि सुभेदार मेजरांना २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन असा हुद्दा मिळतो. त्यांच्या नावाआधी तसं लिहावं.

आणि ‘मेजर’ ही सरसकट हाक कृपा करून थांबवा. प्रेमानं मारता हे मला ठाऊक आहे. पण मेजर हा अधिकाऱ्याचा वेगळा हुद्दा आहे. हवालदाराला मेजर म्हटलं की तो अवघडतो. दुरुस्त करावं तर उद्धट वाटतं, गप्प राहावं तर न कमावलेलं घेतल्यासारखं होतं. जो त्याचा हुद्दा आहे तोच द्या, वर चढवू नका, खाली उतरवू नका. बोलताना ‘हवालदार काका’, ‘नाईक भाऊ’, ‘सुभेदार साहेब’ अशी हाक आपल्या जिभेवर सहज बसते. गावात हवालदार म्हटलं की पोलीस वाटतो अशी अडचण असेल, तर छापताना नावानंतर ‘भारतीय सेना’ किंवा रेजिमेंटचं नाव जोडा.

खालचा हुद्दा लिहिणं म्हणजे माणसाला लहान दाखवणं, असं काहींना वाटतं. एका कार्यक्रमात मला हळूच सांगण्यात आलं होतं, ‘मॅडम, नाईक नका म्हणू, नुसतं सैनिक म्हणा, बरं दिसते.’ कामठीच्या त्या गार्ड्स रेजिमेंटच्या इतिहासात सर्वात वर जे नाव आहे ते ‘लान्स नाईक अल्बर्ट एक्का’ असं लिहिलं जातं. १४ गार्ड्सचा हा जवान डिसेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गंगासागरच्या लढाईत जखमी अवस्थेत पुढं सरकत राहिला, शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या आणि तिथंच पडला. त्याला परमवीर चक्र मिळालं. एका फितीचा हुद्दा त्याच्या नावापासून कोणी काढला नाही, काढायचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. १९६५ च्या युद्धातले अब्दुल हमीदही आपल्या सगळ्यांच्या ओठावर ‘हवालदार अब्दुल हमीद’ असेच आहेत. मेलेल्या जवानाचा हुद्दा आपण इतका जपतो. जिवंत परत आला, वावर करायला लागला, रेशनच्या रांगेत उभा राहिला, की तो हुद्दा जातो कुठं?

आता जे लिहिते आहे ते या पत्राचं खरं कारण आहे. आपल्या गावांत हाक कशावरून ठरते? जमीन किती, आडनाव काय, घर कोणत्या पुऱ्यात. पन्नाशीच्या माणसाला वीस वर्षांचा पोरगा नावाचा तुकडा करून ‘अबे’ म्हणून हाक मारतो आणि कोणाला काही वाटत नाही, कारण तो माणूस ज्या घरात जन्मला त्या घराला अशीच हाक मारायची रीत होती. याच घरांतली मुलं भरतीला जातात. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावतात, कारण तिथं छाती, उंची, दम आणि लेखी परीक्षा मोजली जाते. पलटणीत गेल्यावर पहिल्यांदा त्यांना अशी हाक ऐकू येते जी त्यांच्या कामावरून ठरलेली असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील आजही महाराष्ट्राला ‘सुभेदार रामजी’ म्हणून ठाऊक आहेत. ज्या समाजव्यवस्थेनं त्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नसतं, त्याच व्यवस्थेत त्यांच्या नावाआधी हा शब्द उभा होता आणि त्यांच्या लेकराला महूच्या छावणीत जन्म मिळाला. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महार भरती बंद केली, तेव्हा त्या बंदीविरुद्ध अर्ज-विनंत्या करणाऱ्यांत फौजेतले पेन्शनरच पुढं होते. नोकरीचा पगार त्यांना हवाच होता. पण त्या नोकरीनं दिलेली प्रतिष्ठाही त्यांना सोडायची नव्हती. १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली आणि विदर्भातल्या कितीतरी घरांत तिथून नाईक, हवालदार, सुभेदार झाले.

तो माणूस चाळिशीत गावी परत येतो. आपण त्याला हुद्द्यानं हाक मारली नाही, तर जुनी हाक त्याची वाटच पाहत असते. वीस वर्षांत त्यानं जे अंतर कापलं ते आपण एका शब्दात परत घेतो. यात कोणी मुद्दाम वाईट करतं असं मी म्हणत नाही. सवय आहे. पण ती सवय मोडायची ताकद तुमच्याकडं आहे, कारण गाव कोणाला काय म्हणतं हे पुष्कळदा माइकवरून आणि फलकावरून ठरतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तालुक्याच्या गावी एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहणारे गृहस्थ आमच्या शेजारच्या गावचे, फौजेतले हवालदार. लोक त्यांना ‘ए गार्ड’ म्हणायचे, स्लिप भरून मागायचे, गाडी बघायला सांगायचे. नवीन शाखाधिकारी बाई आल्या. त्यांनी ओळखपत्रावरचा हुद्दा वाचला आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर ‘हवालदार साहेब’ म्हणायला सुरुवात केली. त्यांनी कोणाला सूचना काढली नाही. पण काउंटरवरचे कारकून तसं म्हणू लागले, मग रांगेतले शेतकरी. ते गृहस्थ आजही स्लिप भरून देतात. पण लोक आता त्यांना ‘देता का जी’ असं विचारतात.

यावर दोन शंका येतील, त्या रास्त आहेत. पहिली, हुद्द्याचा धाक घातला जाईल. धुऱ्याच्या भांडणात, रस्त्याच्या वादात, निवडणुकीत. असं करणारे थोडे असतात. त्यांना स्पष्ट सांगावं की ग्रामसभेत हात वर झाला की सुभेदाराचं मत एक आणि शेतमजूर बाईचं मतही एक. हुद्दा मानासाठी आहे, काम करून घेण्यासाठी नाही. दुसरी शंका, माजी सैनिकांतच उतरंड लागेल, सुभेदार पुढच्या खुर्चीत आणि सिपाही मागं. तशी खुर्च्यांची रांग लावायची काहीच गरज नाही. सगळ्यांना एका ओळीत बसवा, नावं वयाप्रमाणे वाचा. फक्त प्रत्येकाचं नाव वाचा आणि त्याच्या हुद्द्यासकट वाचा. एखाद्याला हुद्दा नकोच असेल तर त्याची इच्छा मोठी. पण ते त्याला विचारून ठरवा, त्याच्या वतीनं आपण ठरवू नका.

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांतून परत आलेल्यांचे हुद्दे वेगळे आहेत, ते गृह मंत्रालयाच्या दलांचे. त्यांना सैन्याचा हुद्दा लावू नका. त्यांचा त्यांचा हेड कॉन्स्टेबल, निरीक्षक हा हुद्दा दलाच्या नावासह लिहा. त्यांची सेवाही तितक्याच आदरानं वाचली पाहिजे.

अग्निवीरांचा विचार मात्र आत्ताच करायला हवा. जून २०२२ मध्ये योजना जाहीर झाली. त्या वर्षाच्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला पहिली मुलं प्रशिक्षणाला गेली. चार वर्षांनी त्यांतली जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतील अशी योजनेची रचना आहे. बाकीची तेवीस-चोविशीत घरी येतील. त्यांना पेन्शन नाही. योजनेप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे ‘गावातील सर्व माजी सैनिक’ या तुमच्या ओळीत ती मुलं बसणारच नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय लक्ष्मण गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. सेनेनं त्याला श्रद्धांजली वाहिली ती ‘अग्निवीर’ हा हुद्दा नावाआधी लिहूनच. त्याच्याबरोबरची मुलं गावी येतील तेव्हा ‘हा चार वर्षांत परत आला’ असं पारावर बोललं जाण्याची भीती मला फार वाटते. त्याआधीच शाळेच्या माइकवरून, सगळ्यांसमोर, त्यांना ‘अग्निवीर’ म्हणून पुकारलं गेलं पाहिजे.

आणि माजी सैनिकांच्या घरच्या बायका. बाबा गेले तेव्हा चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. गावातल्या मुलांनी स्वतःच्या पैशानं लावलेला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यावर नावाखाली ‘मिलिटरीवाले काका’ असं होतं. काही दिवसांनी आईला रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. त्यात नंबर होता, हुद्दा होता, पूर्ण नाव होतं. आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, तर ‘हवालदार’ या शब्दावर तिनं मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. तुमच्या गावात अशा कितीतरी जणी आहेत. घरपट्टीच्या नोंदीत त्यांचं नाव असतं. झेंडावंदनाच्या निमंत्रणात नसतं. ‘नाईक अमुक यांच्या पत्नी’ असं म्हणून त्यांना बोलवा, त्यांच्या स्वतःच्या नावासह.

हे करायला वेगळा निधी लागत नाही, ठरावही लागत नाही. राज्य सरकारनं माजी सैनिकांना आणि सैनिक विधवांना घरपट्टीत माफी दिली आहे, तेव्हा अशा घरांची यादी बहुतेक ग्रामपंचायतींत आधीच आहे. त्या यादीत नावापुढं हुद्दा आणि रेजिमेंट असे दोन रकाने वाढवा. हुद्दा तोंडी ऐकून लिहू नका. डिस्चार्ज बुकवर, पेन्शन मंजुरीच्या आदेशावर (पीपीओ) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या ओळखपत्रावर तो छापलेला असतो. त्यामुळं खोटा हुद्दा सांगणाराही आपोआप बाजूला पडेल. २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ अभियानात गावोगाव शिलाफलक लागले. तुमच्या फलकावरच्या जवानाच्या नावाआधी हुद्दा राहिला असेल, तर तो कोरून घ्या. मुख्याध्यापकांना एक जास्तीची विनंती. परिपाठात एखाद्या दिवशी गावच्या हवालदार काकांना बोलवा आणि मुलांना त्यांच्या तोंडून ऐकू द्या की एक फीत म्हणजे काय आणि तीन म्हणजे काय.

ही माहिती गोळा करायला कोणाला तरी निरोप्या म्हणून पाठवू नका. सरपंचांनी आणि मुख्याध्यापकांनी स्वतः त्या घरी जावं, ओसरीवर बसावं, आणि विचारावं : साहेब, तुमची पलटण कोणती, हुद्दा कोणता, पत्रिकेत नाव कसं लिहू? पत्रिका छापायला जाण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढा.

आपली,
एका हवालदाराची मुलगी
निवृत्त शिक्षिका, जि. वर्धा